बेडूक आपला रंग कसा व कशासाठी बदलतो ?

मृगाचा पहिला मोठा पाऊस रात्रभर कोसळून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे कोकणातील एखाद्या भातखाचराच्या बांधावर उभे राहिले, तर एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळते. आदल्या दिवसापर्यंत जेथे भेगाळलेली जमीन होती, तेथे घोटाभर गढूळ पाणी साचलेले असते आणि त्या पाण्यात अंगाला हळद माखल्यासारखे पिवळेजर्द बेडूक बसलेले असतात. त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळसर रंगाचे दोन फुगे क्षणात फुगतात, क्षणात ओसरतात आणि साऱ्या शिवारात 'डरांव डरांव' असा घोष घुमत राहतो.

बांधावर आलेले घरातील लहान मूल हमखास विचारते, "आजोबा, ह्या बेडकांना हळद कोणी लावली ?" आजोबा हसून सांगतात, "अरे, त्यांच्या लग्नाचे दिवस आहेत ते !" उत्तर थट्टेचे असले, तरी ते सत्याच्या फार जवळचे आहे. परंतु सर्वांनाच ते ठाऊक नसते. हे बेडूक पावसाबरोबर आभाळातून पडले, असे काही जण समजतात. काही जण ते परक्या देशातील आहेत असे मानतात, तर काही जण पिवळा रंग म्हणजे विषाची खूण असे धरून त्यांस काठीने मारतात. आठवड्याभरात हे पिवळे बेडूक दिसेनासे होतात व गैरसमज मात्र मागे उरतो.

वस्तुतः ते कोठूनही आलेले नसतात व कोठेही गेलेले नसतात. बांधाच्या बिळात वर्षभर राहणारा, शेवाळी-तपकिरी रंगाचा आपल्या ओळखीचा मोठा बेडूकच त्या चार दिवसांपुरता पिवळा झालेला असतो. हा रंग कसा येतो, कशासाठी येतो आणि त्याच्याशी शेतकऱ्याच्या हिताचा काय संबंध आहे, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

हा बेडूक कोणता ?

या बेडकास इंग्रजीवरून 'बैल बेडूक' असे म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रेकस टायगेरिनस असे असून जुन्या पाठ्यपुस्तकांत तो 'राना टायग्रिना' या नावाने परिचित आहे. भारतातील बेडकांमध्ये आकाराने हा सर्वांत मोठ्यांपैकी एक होय. पूर्ण वाढलेल्या बेडकाची लांबी वीतभराच्या जवळपास जाते. पाठीवर हिरवट किंवा तपकिरी रंग, त्यावर गडद ठिपके व लांबट सुरकुत्या आणि बहुधा पाठीच्या मध्यावरून गेलेली एक फिकट पिवळी रेघ, ही त्याची नेहमीची ओळख. मादी नरापेक्षा मोठी असते.

उन्हाळ्यात हा प्राणी जमिनीत शिरून निद्रिस्त राहतो. पहिल्या जोरदार पावसाने जमीन भिजली म्हणजे तो बाहेर येतो व साचलेल्या उथळ पाण्याकडे धाव घेतो. मीलन व अंडी घालणे हा सारा कार्यक्रम थोड्याच रात्रींत उरकला जातो. याच काळात नर पिवळे होतात. मादीचा रंग मात्र पूर्वीसारखाच मळकट राहतो. तेव्हा पिवळा बेडूक दिसला म्हणजे तो नर आहे आणि त्याचा विणीचा हंगाम चालू आहे, हे निश्चित समजावे.

कातडीतील तीन थर

माणसाच्या कातडीचा रंग उन्हाने रापतो, पण त्यास दिवसचे दिवस लागतात. बेडकाचा रंग काही मिनिटांत वा तासांत पालटू शकतो. याचे कारण त्याच्या कातडीच्या रचनेत आहे.

बेडकाच्या कातडीच्या वरच्या पारदर्शक पापुद्र्याखाली रंग धारण करणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात. सर्वांत वर पिवळ्या पेशींचा थर असतो. त्यांत पिवळी व नारिंगी रंगद्रव्ये असतात. त्यांतील काही रंगद्रव्ये गाजरात व झेंडूत आढळणाऱ्या द्रव्यांच्या जातीची असून ती बेडकास त्याच्या आहारातून मिळतात. मधल्या थरातील पेशींत रंग असा नसतोच. त्यांत ग्वानीन नावाच्या द्रव्याच्या अतिसूक्ष्म चकत्या आरशाच्या तुकड्यांप्रमाणे रचलेल्या असतात व त्या उजेड परतवितात. माशाच्या खवल्यांना जी रुपेरी चमक असते, ती याच द्रव्यामुळे. सर्वांत खाली काळ्या पेशी असतात. त्यांना झाडाच्या फांद्यांप्रमाणे अनेक फाटे फुटलेले असून ते फाटे वर चढून मधल्या थरास वेढा घालतात. या पेशींत काळ्या रंगद्रव्याचे असंख्य कण असतात.

या तीन थरांची मिळून एक जोडणी बनते. बॅगनारा, टेलर व हॅडली या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये या जोडणीचे सविस्तर वर्णन केले. बेडकाच्या अंगावर दिसणारा हिरवा रंग हा याच जोडणीचा खेळ आहे. बेडकाच्या कातडीत हिरवे असे रंगद्रव्य सहसा नसतेच. मधल्या थरातील चकत्या उजेडातील निळा भाग विशेष करून परतवितात. उरलेला उजेड खालच्या काळ्या पेशी शोषून घेतात. परत निघालेला निळा उजेड वरच्या पिवळ्या थरातून गाळून बाहेर पडतो व आपल्या डोळ्यांस तो हिरवा दिसतो. क्वचित एखाद्या बेडकात जन्मतःच पिवळा थर नसतो. असा बेडूक हिरवा न दिसता निळा दिसतो. यावरून वरील विवेचनाची सत्यता पटते.

सुपातील तीळ आणि अंगणातील तीळ

रंग बदलतो म्हणजे कातडीत नवा रंग तयार होतो, असे नेहमीच नसते. हे समजण्यासाठी एक घरगुती उदाहरण घेऊ. सारवलेल्या अंगणात काळे तीळ वाळत पसरले, तर दुरून अंगण काळे दिसते. तेच तीळ गोळा करून मधोमध सुपात भरून ठेवले, तर अंगण पुन्हा उजळ दिसू लागते. तीळ तेवढेच असतात, अंगणही तेच असते. फरक पडतो तो पसरण्याचा व गोळा होण्याचा.

काळ्या पेशीतही हेच घडते. काळे कण पेशीच्या सर्व फाट्यांत पसरले म्हणजे मधला आरशाचा थर झाकला जातो व बेडूक गडद तपकिरी वा काळपट दिसतो. कण काही अंशी मागे सरले म्हणजे हिरवा रंग दिसू लागतो. ते पूर्णपणे पेशीच्या मध्याशी गोळा झाले, तर आरशाच्या थरावरून परतलेला सर्व उजेड वरच्या पिवळ्या थरातून बाहेर येतो आणि बेडूक फिकट किंवा पिवळसर दिसतो. शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर रूढ करणारे प्रख्यात इंग्रज शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी तरुणपणी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाची कातडी तपासून कणांच्या या हालचालीचे वर्णन १८५८ मध्ये प्रसिद्ध केले होते.

कणांच्या हालचालीने होणारा हा बदल जलद असतो व तितक्याच जलद मावळतो. दुसऱ्या प्रकारचा बदल सावकाश होतो. बेडूक दीर्घ काळ एकाच प्रकारच्या जागी राहिला, तर रंगपेशींची संख्या व त्यांतील रंगद्रव्य कमी किंवा अधिक होते. त्यास दिवस किंवा आठवडे लागतात. अंगणात तीळ पसरण्याऐवजी नवे तीळ आणून टाकावेत, तसा हा प्रकार होय. दोन्ही प्रकारांत अंगावरील ठिपक्यांची व रेघांची ठेवण तीच राहते, फक्त रंगाची छटा पालटते.

आज्ञा कोठून येते ?

काळ्या कणांना पसरण्याची वा गोळा होण्याची आज्ञा मुख्यतः रक्तातून येते. मेंदूच्या तळाशी पोषग्रंथी नावाची वाटाण्याहूनही लहान ग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारा एक अंतःस्राव रक्तावाटे कातडीपर्यंत पोहोचला, की काळे कण पसरतात व बेडूक गडद होतो. १९१६ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅलन व स्मिथ या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे बेडूकमाशांच्या शरीरातून ही ग्रंथी काढून टाकली, तेव्हा ते काळे बेडूकमासे रुपेरी व फिकट झाले. या प्रयोगाने ग्रंथीचे कार्य उघड झाले.

याच्या उलट कार्य करणारा स्राव मेंदूच्या वरच्या बाजूस असलेल्या एका छोट्या पिंडात तयार होतो. या पिंडाचा अर्क दिल्यास बेडूकमासे फिकट पडतात, हे मॅककॉर्ड व अ‍ॅलन यांनी १९१७ मध्ये दाखविले होते. पुढे १९५८ मध्ये एरन लर्नर यांनी कत्तलखान्यातून मिळविलेल्या गुरांच्या असंख्य पिंडांतून हे द्रव्य वेगळे काढले व त्यास मेलॅटोनिन हे नाव दिले. द्रव्याची पारख करण्यासाठी त्यांनी बेडकाच्या कातडीचाच उपयोग केला. कातडी उजळली म्हणजे द्रव्य हाती लागले, अशी ती परीक्षा होती. मेलॅटोनिन हेच द्रव्य माणसाच्या निद्रेशीही निगडित आहे, हे आज सर्वश्रुत आहे.

रंग व प्रजनन यांचा संबंध किती निकटचा आहे, हे दाखविणारी आणखी एक हकीकत आहे. लॅन्सलॉट हॉगबेन हे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९२७ ते १९३० या काळात दक्षिण आफ्रिकेत केपटाऊन येथे तेथील नखवाल्या बेडकांच्या रंगबदलाचा अभ्यास करीत होते. त्या ओघात त्यांना असे आढळले, की गुरांच्या पोषग्रंथीचा अर्क टोचल्यास या बेडकाची मादी अंडी घालते. या शोधातूनच स्त्रियांची गर्भधारणा ओळखण्याची बेडूक-चाचणी पुढे आली व १९६० च्या दशकापर्यंत अनेक देशांतील रुग्णालयांत ती वापरली गेली. रंगाचा अभ्यास करावयास निघालेल्या शास्त्रज्ञाच्या हाती असे अनपेक्षित फळ लागले, कारण रंग व वीण या दोहोंची सूत्रे एकाच ग्रंथीकडे होती.

ग्रंथींना तरी खबर कोण देतो ? ती देतात बेडकाचे डोळे. वरून येणारा उजेड किती आणि खालच्या जमिनीवरून परतणारा उजेड किती, याची तुलना डोळ्यांवाटे होते. जमीन काळी असेल तर बेडूक गडद होतो, पांढरी असेल तर फिकट होतो. दृष्टी नाहीशी झाल्यास जमिनीच्या रंगाशी जुळवून घेण्याची त्याची शक्तीही नाहीशी होते.

रंग बदलण्याचे फायदे

पहिला फायदा लपण्याचा. साप, बगळे, ढोकरी, मुंगूस असे बेडकाचे शत्रू अनेक आहेत. पळण्यात तो त्यांची बरोबरी करू शकत नाही. तेव्हा मातीत माती व शेवाळात शेवाळ होऊन बसणे हेच त्याचे संरक्षण. घराच्या भिंतीवर, न्हाणीघरात किंवा पाण्याच्या माठामागे आढळणारा झाडावरचा बेडूक याचे उत्तम उदाहरण आहे. झाडाच्या सालीवर तपकिरी दिसणारा हा बेडूक चुना दिलेल्या भिंतीवर जवळजवळ पांढुरका होऊन बसतो. यावरून इंग्रजीत त्यास 'चुनाम बेडूक' असे नाव पडले. चुनाम म्हणजे आपला चुनाच.

दुसरा फायदा ऊन-थंडीशी जुळवून घेण्याचा. बेडूक हा थंड रक्ताचा प्राणी आहे. काळे कांबळे उन्हात लवकर तापते व पांढरे धोतर तितके तापत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. थंड व ओल्या जागी बेडूक गडद होतो, त्यायोगे त्यास ऊब अधिक मिळते. प्रखर उजेडात, कोरड्या व उष्ण हवेत तो फिकट होतो व अंग तापण्यापासून आणि ओलावा उडून जाण्यापासून स्वतःस वाचवितो. म्हणून एकच बेडूक सकाळी गडद व दुपारी फिकट दिसला, तर तो रोगी आहे असे समजू नये. कात टाकण्यापूर्वीही तो मलूल व मळकट दिसतो. जुनी कात तो स्वतःच गिळून टाकतो, त्यामुळे ती आपल्या दृष्टीस क्वचितच पडते.

मग लपण्याऐवजी उठून दिसणारा पिवळा रंग कशासाठी ?

वरील विवेचनानंतर एक शंका साहजिकच मनात येईल. रंग बदलणे जर लपण्यासाठी असेल, तर ऐन पावसाळ्यात नर बेडूक दुरूनही दिसेल असा पिवळा का होतो ? स्वतःचा जीव धोक्यात घालणारा हा रंग निसर्गाने त्यास का द्यावा ?

याचे उत्तर त्याच्या विणीच्या घाईत आहे. खाचरातील पाणी किती दिवस टिकेल याचा भरवसा नसतो. म्हणून पहिल्या पावसाबरोबर शेकडो बेडूक एकाच वेळी एकाच पाण्यात उतरतात. नरांची संख्या माद्यांहून पुष्कळ अधिक असते. प्रत्येक नर मादीच्या शोधात समोर दिसेल त्यावर झेप घेतो व मिठी मारतो. अशा गर्दीत, अंधुक उजेडात, नराने नरासच मिठी मारली तर दोघांचाही वेळ व शक्ती वाया जाते. पिवळा रंग ही 'मी नर आहे' अशी दुरून कळणारी खूण ठरते.

या विचारास प्रयोगाचा आधार मिळाला आहे. आपल्याकडे अंगणात दिव्याखाली किडे टिपण्यास येणारी खरखरीत कातडीची भेक सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या नरांचाही रंग विणीच्या वेळी अवघ्या काही मिनिटांत तपकिरीचा पिवळा होतो व एक-दोन दिवसांत ओसरतो. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील शॉनब्रुन प्राणिसंग्रहालयाच्या संशोधकांनी या भेकांचा अभ्यास केला. अ‍ॅड्रेनॅलीन व नॉरअ‍ॅड्रेनॅलीन ही द्रव्ये टोचल्यास नर पिवळे होतात, असे त्यांनी २०२२ मध्ये दाखविले. भीती वा उत्तेजना यांच्या वेळी माणसाच्या रक्तात उसळणारी द्रव्ये तीच. नंतर त्यांनी भेकांच्या पिवळ्या व तपकिरी प्रतिकृती तयार करून विणीसाठी जमलेल्या नरांमध्ये ठेवल्या. नरांनी तपकिरी प्रतिकृतींशी मीलनाचा प्रयत्न केला व पिवळ्या प्रतिकृतींकडे बहुतांशी दुर्लक्ष केले. हे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. थोडक्यात, पिवळा रंग हा विणीच्या गर्दीत गोंधळ टाळणारा संकेत होय. बैल बेडकाची वीणही याच घाईची व गर्दीची असते, आणि त्याच्याही बाबतीत पिवळा होतो तो नरच.

वीण उरकली म्हणजे या संकेताची गरज उरत नाही. काळे कण पुन्हा पसरतात व तोच बेडूक चिखलाच्या रंगाचा होऊन बांधाच्या आडोशास जातो.

तोच रंग त्याच्या जिवावर उठतो

निसर्गाने दिलेली ही खूण माणसाच्या हातातील बॅटरीच्या झोतापुढे मात्र घातक ठरते. जो रंग नरास नराची ओळख देतो, तोच पकडणाऱ्यासही त्याचा ठावठिकाणा देतो. डरांव डरांव या आवाजाने जागा कळते व पिवळ्या रंगाने प्राणी दिसतो. त्यातच मीलनात गुंतलेला बेडूक सावध नसतो. त्यामुळे वर्षातील ज्या थोड्या रात्रींवर पुढची सारी पिढी अवलंबून असते, नेमक्या त्याच रात्री बेडकांची धरपकड सर्वाधिक होते. अंडी घालण्यापूर्वी पकडलेली एक मादी म्हणजे हजारो अंड्यांची हानी होय.

याचा अनुभव देशाने एकदा घेतलेला आहे. बेडकांच्या तंगड्यांची परदेशांत निर्यात करण्याचा धंदा १९५० च्या दशकात सुरू झाला व १९८० च्या सुमारास दर वर्षी काही हजार टन तंगड्या देशाबाहेर जाऊ लागल्या. एका बेडकाच्या तंगड्यांचे वजन किती थोडे असते हे ध्यानात घेता, त्यासाठी किती कोटी बेडूक मारले जात असतील याची कल्पना करावी. मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९८५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या निर्यातीवर विस्तृत लेख लिहून धोक्याचा इशारा दिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या बेडकाचा समावेश झाला आणि १९८७ मध्ये भारत सरकारने तंगड्यांची निर्यात बंद केली.

निर्यात बंद झाली, तरी स्थानिक धरपकड संपलेली नाही. गोव्यात या मांसास 'जंपिंग चिकन' असे गोंडस नाव असून पावसाळ्याच्या आरंभी तेथील वनखात्यास रात्रीची गस्त घालावी लागते. कोकणातही हा प्रकार काही ठिकाणी चालतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या बेडकास संरक्षण आहे व त्यास पकडणे, मारणे अथवा विकणे हा दंड व कारावास यांस पात्र असा गुन्हा आहे.

शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार

बेडकाच्या रक्षणाचा आग्रह केवळ भूतदयेपोटी धरावयाचा असे नाही, त्यात शेतकऱ्याचे प्रत्यक्ष हित आहे. बैल बेडूक अत्यंत खादाड असतो. नाकतोडे, टोळ, भुंगेरे, पतंग, अळ्या असे तोंडात मावेल ते भक्ष्य तो गिळतो. उंदरांची पिल्लेही त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत. कोकणातील भातशेतीत बांध पोखरून पाणी वाहून जाऊ देणाऱ्या व कोवळी रोपे कातरणाऱ्या खेकड्यांचा उपद्रव सर्वांस ठाऊक आहे. हे खेकडेही बैल बेडकाच्या आहारात असतात. त्याचे बेडूकमासे मांसाहारी असून साचलेल्या पाण्यातील डासांच्या अळ्या खातात. लहान बेडूक रोपांच्या बुंध्याशी बसून तुडतुडे व पतंग टिपतात.

रात्री शेतात राखण करणाऱ्या या प्राण्यास मजुरी द्यावी लागत नाही. तो नाहीसा झाला, तर त्याचे काम औषधांनी करावे लागते व त्याचा खर्च शेतकऱ्यावर पडतो. उलटपक्षी, औषधांचा अविचारी वापर बेडकासच प्रथम मारतो. रंग बदलणारी त्याची कातडी पातळ व सदैव ओली असते. ती पाणी शोषून घेते व तिच्यातून काही प्रमाणात श्वसनही चालते. पाण्यात मिसळलेले विष म्हणूनच तिच्यातून सहज आत शिरते. बेडूकमासे तर पूर्णतः त्या पाण्यातच वाढत असतात. भातात पूर्वी सर्रास टाकले जाणारे फोरेट हे दाणेदार विष देशात २०२० च्या अखेरीस बंद करण्यात आले. इतर औषधांच्या बाबतीतही सावधगिरी आवश्यक आहे.

गावपातळीवर काय करता येईल ?

गावातील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या सभांतून पुढील गोष्टी शेतकरी बंधूंच्या मनावर बिंबवाव्यात.

१. पहिल्या मोठ्या पावसानंतरचे काही दिवस साचलेल्या पाण्यात कीटकनाशक टाकू नये. त्या वेळी रोपे नुकतीच उगवत असतात व औषधाची गरज सहसा नसतेच. पुढेही किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली तरच, शिफारशीप्रमाणे व मोजून औषध वापरावे.

२. फवारणीचा पंप व औषधाचे रिकामे डबे ओहोळात, तळ्यात किंवा खाचरात धुऊ नयेत.

३. शेताच्या कोपऱ्यातील एखादे डबके पाणी पूर्ण आटेपर्यंत तसेच राहू द्यावे. काळपट बारीक अंड्यांचे जेलीसारखे पुंजके किंवा बेडूकमाशांचे थवे दिसल्यास शक्य तोवर तो भाग सोडून चिखलणी करावी. बेडूकमाशांचे बेडूक होण्यास काही आठवडेच लागतात.

४. पावसाच्या पहिल्या रात्री शेतरस्त्यांवरून वाहने सावकाश हाकावीत. विणीसाठी रस्ता ओलांडणारे बेडूक चाकांखाली मोठ्या संख्येने मरतात.

५. बेडूक पकडणाऱ्या टोळ्या आढळल्यास वनविभागास कळवावे. स्वतः त्यांच्याशी हातघाईवर येऊ नये.

६. कीडनियंत्रणासाठी म्हणून बैल बेडूक दूरच्या मुलखात नेऊन सोडू नये. अंदमान बेटांवर तो मूळचा नसून माणसाकडून पोहोचला आहे व तेथे त्याचे खादाड बेडूकमासे स्थानिक बेडकांच्या पिल्लांस खाऊन टाकतात. जेथे जो राखणदार आहे, तेथेच त्याचे रक्षण करावे.

७. शाळेतील मुलांना पिवळे बेडूक दुरून दाखवावेत. नर कोणता, मादी कोणती, फुगे कोणाच्या गळ्याशी आहेत, हे मुले चटकन ओळखतात. एकदा ओळख पटली म्हणजे दगड मारणारा हात आपोआप थांबतो.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

पिवळा बेडूक विषारी असतो काय ? नाही. बैल बेडकाचा पिवळा रंग विषाची खूण नव्हे. भेकेच्या डोळ्यांमागील फुगीर ग्रंथींतून मात्र दाहक स्राव निघतो. चुकून तिला हात लागल्यास हात धुवावेत व तोपर्यंत डोळ्यांस लावू नयेत.

पिवळे बेडूक दिसले म्हणजे पाऊस चांगला होणार काय ? पुरेसा पाऊस होऊन पाणी साचले म्हणजे बेडूक विणीसाठी बाहेर येतो. तो झालेल्या पावसाची साक्ष देतो, पुढील हंगामाचे भविष्य सांगत नाही. पेरणीचा निर्णय हवामान खात्याचा अंदाज व जमिनीतील ओल पाहूनच घ्यावा.

बेडूक गडद किंवा फिकट झाला म्हणजे पाणी दूषित आहे काय ? केवळ रंगावरून असे ठरविता येणार नाही, कारण ऊन, थंडी, ओलावा व जमिनीचा रंग यांमुळे तो सतत बदलत असतो. परंतु फवारणीनंतर मेलेले बेडूक वा बेडूकमासे पाण्यावर तरंगताना दिसले, तर तो स्पष्ट इशारा समजावा. ते पाणी गुरांस पाजू नये व कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

येत्या मृगात पहिल्या पावसानंतर खाचरात पिवळी हालचाल दिसली, की शेतकऱ्याने क्षणभर बांधावर थांबून ती पाहावी. वर्षभर मातीच्या रंगात लपून शेत राखणारा सोबती त्या चार दिवसांत उघड्यावर आलेला असतो. तेवढे दिवस त्याच्या वाटेस न जाणे, इतकेच त्यास आपल्याकडून हवे असते.